गाय सारखी उलटतेय (भरवूनही, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही, गाभण राहत नाही), भरवायच्या वेळेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातून लिहितोय. आमची एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) गाय दर 21 दिवसांनी बरोबर माजावर येते, सोटही (माजाच्या वेळी योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, तरी गाभण राहत नाही.

मला समजलंय ते असं: माज संपल्यावर साधारण 10-12 तासांनी बीजांड सुटतं आणि पुढे काही तासच टिकतं. फलन गर्भाशयात नाही, बीजांडवाहिनीत होतं. शुक्राणूंनाही आत गेल्यावर फलनक्षम व्हायला काही तास लागतात. म्हणूनच सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. इथवर ठीक.

पण आमची गाय हंबरते रात्रीच! माज नेमका कधी सुरू झाला ते ओळखायचं कसं? त्यात पावसाळ्यात डॉक्टर दुपारशिवाय पोचत नाहीत (त्यांचा दोष नाही, आमचे रस्ते बघा). दुपारी भरवलं तर उशीर होतो का? 12 तासांच्या अंतराने दोन कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) भराव्यात, की आधी गर्भाशय तपासून घ्यावं?

थोरले काका म्हणतात वळू दाखव. मला रोगाची भीती वाटते. निपाणी-चिकोडीकडच्या गोठेवाल्यांनी अनुभव सांगा, प्लीज.