सिंगापूर–न्यूयॉर्क: अंतर आणि वेळ यांचा मेळ का बसत नाही?

प्रश्न (रेघोटी): चांगी (सिंगापूरचा विमानतळ) ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हे अंतर एका ठिकाणी १५,३४० दिसतं, दुसरीकडे ९,५३०, तिसरीकडे ८,२८०. ताशी ९०० किमीने भागलं तर १७ तास येतात, पण वेळापत्रकात साडेअठराच्या वर. बरोबर काय? आणि एक्सेलमध्ये स्वतः काढलं तर ५,३२० किमी येतंय!

अक्षांश४०: तिन्ही आकडे बरोबर आहेत, एकक वेगळं आहे: किलोमीटर, मैल आणि सागरी मैल. वैमानिक सागरी मैलच वापरतात; १ सागरी मैल = १.८५२ किमी.

५,३२० येतंय कारण न्यूयॉर्कच्या रेखांशाचं वजा चिन्ह द्यायचं राहिलंय. ते पश्चिमेला आहे, म्हणून −७३.७८, चांगी +१०३.९९. फरक १७७.७७ अंश यायला हवा, तुमचा ३०.२१ आलाय. अक्षांश १.३६ आणि ४०.६४ घ्या. दोन्हींच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्हींच्या कोसाइनचा गुणाकार गुणिले रेखांशफरकाची कोसाइन मिळवा. बेरजेची व्यस्त कोसाइन (एक्सेलमध्ये ACOS) घेऊन ६३७१ ने, म्हणजे पृथ्वीच्या किमीमधल्या त्रिज्येने, गुणा. एक्सेलला कोन रेडियनमध्ये लागतात, अंश तसेच भरले तर उत्तर भलतंच येतं. पृथ्वी पूर्ण गोल नसल्याने अचूक साधनात दहा-एक किमीचा फरक दिसेल, तो सोडून द्या.

वाऱ्याचीदिशा: आता वेळेचं. ते १५,३४० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर येणारं अंतर. हा दोरा सायबेरियावरून थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. प्रत्यक्षात तसं क्वचितच उडतात. २०२२ पासून अनेक कंपन्या रशियाचं आकाश टाळतात, शिवाय जपानच्या बाजूने पॅसिफिक ओलांडला की जेट स्ट्रीम (उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा) पाठीशी मिळतो. त्यासाठी आठशे-हजार किमी जास्त पडले तरी परवडतं.

वाऱ्याचा हिशोब करूनच बघा. माख ०.८५ (ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट) म्हणजे विमान उडतं त्या उंचीवर साधारण ४९० नॉट (ताशी सागरी मैल). वारा नसेल तर ८,२८० सागरी मैलांना १६.९ तास. सरासरी ३० नॉट वारा समोरून आला की १८ तास! म्हणून जाता-येतानाची वेळ सारखी नसते, आणि हिवाळा-उन्हाळ्यातही बदलते.

वेळापत्रकातली वेळ ब्लॉक टाइम असते: गेटवरून मागे ढकलल्यापासून उतरून गेटवर थांबेपर्यंत. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून सरकणं), चढण, उतरण, रांगेत थांबणं, वर थोडी राखीव वेळ, सगळं त्यात.

रेघोटी: मग तिकिटावर रात्री १२:३० ला निघून त्याच दिवशी सकाळी ६:१० ला पोहोचणं?

अक्षांश४०: स्थानिक वेळा आहेत. हिवाळ्यात सिंगापूर न्यूयॉर्कच्या १३ तास पुढे. ६:१० मध्ये १३ मिळवा, १९:१० होतात; म्हणजे प्रवास १८ तास ४० मिनिटं. मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार फरक १२ तासच धरा, नाहीतर पुढची जोडफ्लाइट तासाने चुकीची धराल.