जंगी पलटणीतून चित्रकलेच्या वर्गात आलेले आमचे सर : माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी

सातारा जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवणारे सर नुकतेच निवर्तले. १९७१च्या युद्धात ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, शिपाई होते. पायाला गोळी लागल्याने सैन्य सोडावे लागले, तेव्हा ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून ते शिक्षक झाले. शोकसभेत सैनिकाचा गौरव झाला आणि तो योग्यच होता. परंतु वर्गातले सर कसे होते, हे आपल्यालाच सांगता येईल. ज्यांना त्यांनी शिकवले, त्यांनी जरूर लिहावे.

माजी विद्यार्थी, पुणे
इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी सर टेबलावर निळी चादर, पितळेचा तांब्या आणि दोन कांदे मांडत. हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मापे घ्यायला त्यांनीच शिकवले. ‘आधी अंतर बघ, मग आकार; रंगाची घाई करू नकोस,’ हे त्यांचे नेहमीचे सांगणे असे. समोरचा मुलूख निरखून अंतराचा अदमास घेणे आणि त्याचे कच्चे रेखाचित्र काढणे हे पलटणीत शिकलेले काम ते आम्हाला स्थिरचित्रासाठी देत होते, हे मला फार नंतर उमगले. आज वास्तुरचनेचे काम करताना मी कोणत्याही जागेकडे याच क्रमाने पाहतो.

माजी विद्यार्थिनी, कोल्हापूर
आम्ही फारच आग्रह केला, तेव्हा सरांनी एकदा फळ्यावर जमालपूरचा, म्हणजे १९७१च्या युद्धात ते लढले त्या आजच्या बांगलादेशातल्या गावाचा, नकाशा काढला. वर ब्रह्मपुत्रेचा जुना प्रवाह, काठावर गाव आणि खाली ढाक्याकडे जाणारा रस्ता. नदी ओलांडून आलेल्या आपल्या सैन्याने तो रस्ता अडवला होता, १० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडीने तिथूनच निसटण्याचा प्रयत्न केला आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले, एवढे त्यांनी सांगितले. शरण येण्याच्या मागणीला पाकिस्तानी अधिकाऱ्याने पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळून उत्तर दिले होते, हे कुणीतरी वाचले होते. त्यावर सर म्हणाले, ‘ते मला मागाहून कळलं. त्या रात्री मला फक्त समोरचा रस्ता ठाऊक होता.’ जे स्वतः पाहिले नाही ते आपल्या पराक्रमात न जोडणारा हा माणूस मला आजही मोठा वाटतो.

सहकारी शिक्षक
दहावीच्या वर्षात गणितासाठी चित्रकलेचा तास मागितला, की सर शांतपणे नकार देत. परीक्षेचे शुल्क भरू न शकणाऱ्या मुलांचे पैसे ते स्वतः भरत.

सरांची मुलगी
दादा वर्गात तासन्‌तास उभे राहत, त्यामुळे संध्याकाळी पाय सुजलेला असे. तो गरम पाण्यात सोडून ते तुमची चित्रे तपासत. मुलांच्या रेघेवर स्वतःची रेघ मारायची नाही, हा त्यांचा कटाक्ष होता. तांब्याचा गळा चुकला असेल, तर बरोबर गळा ते समासात लहानसा काढून दाखवत. मूळ चित्र जसे होते तसेच परत जाई. तशी समासातली रेखाटने असलेले जुने कागद तुमच्यापैकी कुणी जपून ठेवले असतील, तर त्यांची छायाचित्रे आम्हाला हवी आहेत. दादांच्या वह्यांसोबत ती शाळेत मांडण्याचा आमचा विचार आहे.