संपलेल्या ‘इव्हँजेलियन’च्या चाहत्यांनी केलेल्या आवृत्त्या: मूळ कोणते मानावे?

रात्रपाळीचा_प्रेक्षक (प्रश्न)

‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही २६ भागांची जपानी ॲनिमेशन मालिका मी नुकतीच स्ट्रीमिंगवर पाहून संपवली. जपानमध्ये ती ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली, तेव्हा भागांच्या शेवटी ‘फ्लाय मी टू द मून’ हे गाणे भागागणिक वेगळ्या आवाजांत आणि वेगळ्या संगीत-रचनेत ऐकू येत असे. २०१९ साली अनेक देशांत स्ट्रीमिंगवर आलेल्या प्रतीतून ते वगळले गेले आणि त्याच्या जागी पियानो वाजतो. अधिक शोध घेतला, तर चाहत्यांनी स्वतः तयार केलेल्या आवृत्त्यांची रांगच दिसली. कोणी गाणे परत बसवले आहे, कोणी चित्र ‘स्वच्छ’ केले आहे, तर कोणी संथ प्रसंग छाटून मालिका आटोपशीर केल्याचे सांगतो. यांपैकी मूळच्या सर्वांत जवळचे काय मानावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फ्रेम_मोजणारा

‘मूळ’ हा शब्दच इथे थोडा अडचणीचा आहे. २१ ते २४ या चार भागांत घरगुती व्हिडिओसाठी नंतर नवी दृश्ये घातली गेली; म्हणजे या भागांची दोन रूपे निर्मात्यांनीच ठेवली आहेत. चांगली चाहता-आवृत्ती ही दोन्ही रूपे देते आणि कोणते कुठले आहे तेही स्पष्ट सांगते.

आटोपशीर आवृत्तीच्या वाटेला मात्र आपण जाऊ नये, असे मला वाटते. २२व्या भागात आसुका आणि रेई या दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळजवळ मिनिटभर चित्र स्थिर आहे आणि लिफ्टच्या आवाजाखेरीज काहीही ऐकू येत नाही. छाटणाऱ्याला तो वाया गेलेला वेळ वाटतो, पण त्या दोघींमधला सगळा अवघडलेपणा त्या मिनिटातच आहे. ‘ड्रॅगन बॉल झेड’ची गोष्ट निराळी होती: २९१ भागांच्या त्या मालिकेत बरीच भरती (कथा पुढे न नेणारे, वेळ भरणारे प्रसंग) होती आणि २००९ साली तिची ‘काई’ ही आटोपशीर आवृत्ती निर्मात्यांनी स्वतःच काढली. इथे २६ भागांत भरती शोधायची म्हणजे उसातून रस काढून टाकून चिपाडे जपण्यासारखे आहे.

चित्र ‘स्वच्छ’ करण्याबाबतही सावध राहावे. ही मालिका सेलवर (पारदर्शक प्लास्टिकच्या कागदांवर) रंगवून फिल्मवर टिपलेली आहे, त्यामुळे चित्रात दिसणारी बारीक रवाळ हालचाल हा दोष नव्हे. ती पुसणारा फिल्टर जोरात लावला, की केसांच्या आणि डोळ्यांच्या बारीक रेषाही विरघळतात आणि चेहरे मेणाचे वाटू लागतात.

उपशीर्षक_उद्योगी

वरील मताशी सहमत आहे, पण माझे लक्ष शब्दांकडे अधिक असते. २४व्या भागात काओरू हा मुलगा नायक शिंजीला जे सांगतो त्यात ‘सुकी’ हा शब्द आहे. जुन्या इंग्रजी भाषांतरात ते प्रेम झाले आणि २०१९च्या भाषांतरात नुसती पसंती राहिली; त्यावरून बराच वाद झाला. हौसेने मराठी उपशीर्षके लिहायला बसलो, तेव्हा त्या ओळीवर मी अडखळलोच नाही. ‘तू मला आवडतोस’ एवढे लिहिले आणि जपानी शब्दातली संदिग्धता जशीच्या तशी राहिली. इंग्रजीला जी निवड करावी लागते, ती आपल्याला करावी लागत नाही. शिंजी जिच्या घरी राहतो त्या मिसातोला त्याने ‘तुम्ही’ म्हणावे की ‘तू’, यावर मात्र मी दोन रात्री घालवल्या आणि अखेर ‘तुम्ही’च ठेवले.

एक व्यवहाराची सूचना: उपशीर्षकांची फाइल ज्या वेगाच्या चित्रासाठी बनली असेल, त्याच वेगाच्या चित्राला जोडावी. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीची फाइल २३.९७६ फ्रेमच्या प्रतीला लावली, तर पहिले वाक्य अगदी वेळेवर येते आणि २४ मिनिटांच्या भागाच्या शेवटी ओळी जवळजवळ मिनिटभर आधी उमटतात. पात्र रडायला लागण्यापूर्वीच आपल्याला त्याचे रडणे वाचायला मिळते.

कलमांचा_कारकून

रसभंगाची जबाबदारी माझ्याकडे दिसते. भारतात चलचित्रावरील स्वामित्व हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९९५ची मालिका संपली असली तरी तिच्यावरचा हक्क संपलेला नाही. १९५७च्या कायद्यात भाषांतराचा हक्कही मूळ हक्कदाराकडेच असतो. त्यामुळे कोणी पैसे घेतले नाहीत, एवढ्याने पूर्ण भाग वाटणे रीतसर होत नाही. विकत घेतलेली प्रत असेल तर पदरी ती ठेवावी आणि बाकीचे प्रयोग घरच्या घरी करावेत.

रात्रपाळीचा_प्रेक्षक

सर्वांचे आभार. छाटलेली आणि घासूनपुसून काढलेली आवृत्ती यादीतून वगळली आहे आणि डिस्कचा संच मागवण्याचे ठरवले आहे. उपशीर्षक_उद्योगी, एक शंका राहिली: शिंजी स्वतःसाठी ‘बोकु’ म्हणतो आणि त्याचा वर्गमित्र तोजी ‘वाशी’ म्हणतो, पण आपल्याकडे दोघांनाही ‘मी’च वापरावे लागते. तोजीचे ओसाका-कोबेकडचे वळण तुम्ही मराठीत कोणत्या बोलीने दाखवले?

उपशीर्षक_उद्योगी

आधी कोल्हापुरी करून पाहिले. तिसऱ्या भागात तो शिंजीला ठोसा मारतो, तिथे ती बोली इतकी चपखल बसली की प्रसंग विनोदी वाटू लागला. मग शब्द प्रमाण मराठीतले ठेवून केवळ वाक्ये तुटक केली, पण अजूनही समाधान झालेले नाही.