‘बर्डमन’नंतर काय पाहावं

‘बर्डमन’ हा सिनेमा, म्हणजे उतरती कळा लागलेल्या नटाची स्वतःला पुन्हा सिद्ध करायची धडपड, फार आवडला, तशाच धाटणीचं आणखी काही सुचवा, असं तुम्ही विचारलंत. माझ्याकडून सगळ्यात आधी ‘साइडवेज’ (२००४). पॉल जिआमाटीचा माइल्स शाळेत इंग्रजी शिकवतो, घटस्फोट झालेला, कादंबरी लिहून बसलाय आणि ती कोणी छापत नाहीये. मित्राचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना दोघं कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या मुलखात भटकायला जातात. रात्री तिथे भेटलेली माया त्याला विचारते, तुला पिनो न्वार द्राक्षाची वाइनच एवढी का आवडते? तो सांगतो, त्या द्राक्षाची साल पातळ असते, ते कुठेही रुजत नाही, त्याची सतत निगा राखावी लागते. तो स्वतःबद्दलच बोलतोय हे आपल्याला कळतं आणि घशात आवंढा येतो. मी हा प्रसंग कितीदा पाहिलाय!

‘वंडर बॉइज’ (२०००) सुद्धा बघाच. पिट्सबर्गमधला प्राध्यापक (हे काम मायकेल डग्लसचं), त्याची कादंबरी दोन हजार पानांच्या पुढे गेली तरी संपत नाही. त्याची विद्यार्थिनी हस्तलिखित वाचून त्याला सांगते की लेखकाने निवड करायची असते, हे तुम्हीच शिकवता, पण इथे तुम्ही ती केलेली दिसत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे लागेल.

आणि बाईच्या नजरेतून हवं असेल तर राधा ब्लँकचा ‘द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जन’ (२०२०). न्यूयॉर्कमधली नाटककार, चाळिशी तोंडावर आलेली, रॅप करायला लागते. कृष्णधवल आहे, म्हणून टाळू नका.