शब्दचर्चा : ‘ताण-संप्रेरके’ की ‘प्रतिनियामक संप्रेरके’?

प्रश्न (भाषांतरकार) : टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांसाठी पत्रक मराठीत करते आहे. ‘काउंटर-रेग्युलेटरी हार्मोन्स’ (रक्तातली साखर उतरली की ती वर आणणारी संप्रेरके) यासाठी ‘ताण-संप्रेरके’ चालेल का? आणि ‘हायपोग्लायसेमिया’ला ‘साखर कमी होणे’ पुरे का?

उत्तर (बालरोग) : ‘साखर कमी झाली’ एकटं लिहू नका. मधुमेह असलेल्या घरात ते चांगली बातमी म्हणून ऐकलं जातं. ‘साखर धोक्याइतकी उतरली’ लिहा आणि शेजारी आकडा द्या : ७० मिग्रॅ/डेलि खाली गेली की सावध व्हायचं, ५४ खाली गेली की प्रकरण गंभीर.

‘ताण-संप्रेरके’ला माझा विरोध आहे. वाचणाऱ्याला परीक्षेचा ताण, घरातला ताण आठवतो. इथे ताण मनाचा नाही. मेंदूला इंधन कमी पडतंय. शिवाय या गटातलं ग्लुकागॉन तर ताणाशी कुणी जोडतही नाही, आणि साखर वर आणण्यात पहिला मान त्याचाच.

उत्तर (अंतःस्रावी विभाग) : सहमत. शास्त्रीय लेखात ‘प्रतिनियामक संप्रेरके’, पत्रकात ‘साखर वाढवणारी संप्रेरके’. चार नावं द्या, पण एका ओळीत सारखी मांडू नका, कारण त्यांचा वेग वेगळा. ग्लुकागॉन आणि अॅड्रेनलिन मिनिटांत कामाला लागतात. कॉर्टिसॉल आणि वाढ-संप्रेरक यांचा परिणाम काही तासांनी दिसतो. थरथर, धडधड ही अॅड्रेनलिनची खूण. दरदरून घामही त्याच इशाऱ्यातला, पण तो घामग्रंथींच्या नसांमधून येतो. म्हणून बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) घेणाऱ्याची धडधड दबते, घाम मात्र सुटतो.

टाइप १ मध्ये पहिल्या काही वर्षांतच साखर उतरल्यावर ग्लुकागॉन वाढेनासं होतं. मग सगळी भिस्त अॅड्रेनलिनवर. वारंवार साखर उतरली की तेही उशिरा आणि कमी सुटतं. झोपेतही ते मंदावतं. मग थरथर, धडधड जाणवतच नाही. याला ‘जाणीव नसणे’ म्हणू नका, मूल बेशुद्ध आहे असं वाटेल. ‘इशारा न मिळणे’ नेमकं.

प्रश्न (भाषांतरकार) : उपचाराच्या ओळीत ‘गोड पदार्थ द्या’ लिहू?

उत्तर (बालरोग) : नको, लोक पेढा किंवा चॉकलेट देतात आणि त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते. ‘ग्लुकोज पावडर किंवा साखरेचं पाणी’ लिहा. प्रमाण किलोमागे ०.३ ग्रॅम : २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम, म्हणजे सपाट सव्वा ते दीड चहाचा चमचा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० खालीच असेल तर तेवढंच पुन्हा. शुद्ध हरपली असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉनचं इंजेक्शन, २५ किलोखाली अर्धा मिग्रॅ, वर १ मिग्रॅ. ते यकृतातला साखरेचा साठा मोकळा करतं, म्हणून उलट्या-उपासाने साठा संपलेल्या मुलात कमी पडतं. तिथे शिरेतून ग्लुकोजच लागतं.

उत्तर (अंतःस्रावी विभाग) : मधुमेह नसलेल्या मुलांचं पत्रक कराल तेव्हा ‘निर्णायक नमुना’ हा शब्द ठेवा : साखर ५० खाली असताना, ग्लुकोज देण्याआधी घेतलेलं रक्त. उपचाराला मात्र त्यासाठी उशीर नको. त्यात इन्सुलिन, कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ), कॉर्टिसॉल, वाढ-संप्रेरक पाहतात. शेवटची दोन कमी आली तर ‘कमतरता आढळली’ लिहू नका. साखर हळूहळू उतरली असेल तर निरोगी मुलातही ती कमी येऊ शकतात. ‘प्रतिसाद कमी दिसला, उत्तेजन-चाचणी (औषध देऊन संप्रेरक वाढतं का ते पाहणं) हवी’ असं लिहा.