गाठ 'साधी' आहे म्हणून जीनची तपासणी सोडायची का?

रापणकार (मालवण)
माझ्या पुतण्याची, वय सात, लहान मेंदूतली गाठ गेल्या पावसाळ्यात काढली. आधी पोरगं सकाळी उठलं की ओकायचं आणि ओकून झालं की खेळायला पळायचं. पित्त समजून कोकम सरबत दिलं, देवळात गाऱ्हाणं घातलं. मग वाळूवर चालताना एका बाजूला झोकांड्या जायला लागल्या, तेव्हा कुठे एमआरआय. रिपोर्टात पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड १. "साधी गाठ," डॉक्टर म्हणाले. ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) चिकटलेला तुकडा मात्र आत ठेवलाय. आता मुंबईहून निरोप आलाय, ब्लॉक (काढलेल्या गाठीचा लॅबने जपलेला नमुना) पाठवा, त्यातला बीआरएएफ नावाचा जीन बघायचाय. मी म्हणतो, बघायलाच हवा. भाऊ म्हणतो, साधी आहे ना, मग पुरे. तुमचं काय मत?

आंबेवाला (देवगड)
तुमच्या भावाचं पटतं. ही गाठ पूर्ण निघाली तर दहा वर्षांनीही नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं हयात असतात. आमच्या वाडीत एकाने तपासण्यांपायी कलमं गहाण टाकली, हाती आला तो इंग्रजीतला कागद. एमआरआय करत राहा, बस.

सिस्टर (चिपळूण)
काका, 'पूर्ण निघाली तर' हे तुम्हीच लिहिलंत. इथे तुकडा आत आहे. आणि साधी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी शांत दिसतात एवढंच. क्रॅनिओफॅरिंजिओमा ही मेंदूच्या तळाशी होणारी गाठही ग्रेड १ च. वॉर्डात तशी एक मुलगी होती: तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची, डोळ्यांनी अंधुक दिसायचं. गाठ पिच्युटरी या हार्मोनच्या ग्रंथीशेजारी, तिथे कसलं साधेपण!

ब्लॉकवाला (रत्नागिरी, पॅथॉलॉजी लॅब)
जीनचं थोडं सांगतो. या गाठींत बहुतेकदा सातव्या गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट होतो आणि बीआरएएफ दुसऱ्या एका जीनला जोडला जातो. हे २००८ साली उघड झालं. या जोडणीत बीआरएएफचा स्वतःला आवरणारा भागच गळतो. ट्रॉलरच्या इंजिनाचा थ्रॉटल अडकल्यासारखं, पेशीला 'वाढ' हा हुकूम सतत मिळत राहतो.
मग गाठ इतकी सावकाश का वाढते? कारण सतत हाकललेल्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात, पी१६ नावाचं प्रथिन त्यांना अडवून धरतं. काही गाठी आपोआप थांबतात त्या बहुधा याचमुळे.

आंबेवाला
बघा! आपोआप थांबतात, तुम्हीच सांगताय.

ब्लॉकवाला
काही. सगळ्या नाहीत. काहींत जोडणीऐवजी व्ही६००ई हा एका अक्षराचा बदल असतो. त्याच्या जोडीला पी१६ चा जीनही गळाला असेल तर ती गाठ जास्त त्रास देते. शिवाय औषध जीनवर ठरतं. व्ही६००ई असलेल्या मुलांसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीला अमेरिकेत २०२३ मध्ये परवानगी मिळाली. पण जोडणीवाल्या गाठीत डॅब्राफेनिबसारखं बीआरएएफ अडवणारं औषध एकटं दिलं तर तोच हुकूम उलट जोर धरू शकतो. अंदाजाने औषध देऊन चालत नाही ते म्हणूनच.

वेंगुर्ल्याचो
पण तां बघूक आनि ती औषधां घेऊक पैसे खंयसून आणूचे?

आंबेवाला
हेच! औषध परवडणार नसेल तर रिपोर्ट देव्हाऱ्यात ठेवायचा?

सिस्टर
हा प्रश्न खरा आहे, उडवून लावणार नाही. मुंबईत सरकारी योजना, ट्रस्ट यांची चौकशी करावी लागते, त्यात हेलपाटे होतात. आणि राहिलेला तुकडा वाढतच नसेल तर आज औषध कुणीच सुरू करणार नाही. वाढला तरी अनेक ठिकाणी आधी कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टिन ही केमोच देतात. पूर्ण निघालेल्या गाठीत तर हा रिपोर्ट उपचार सहसा बदलत नाही, तिथे मी काकांच्या बाजूने. पण इथे उद्या वाढली तर त्या घाईत ब्लॉक शोधत बसायचं का?

ब्लॉकवाला
रापणकार, ब्लॉक आहे कुठे?

रापणकार
घरीच. जाळी ठेवतो त्या पत्र्याच्या पडवीत, मिठाईच्या डब्यात.

ब्लॉकवाला
अहो, तो नमुना मेणात बसवलेला असतो! एप्रिलमधला तुमचा पत्रा! आजच्या आज हलवा.

रापणकार
हलवला, माजघरात फडताळात. एक कोपरा थोडा मऊ लागला, चालेल ना? सोमवारच्या गाडीने मुंबईला नेतोय. भाऊ अजून बोलत नाही, पण डबा त्यानेच पुसून दिला.