पन्नाशीनंतर चित्रकला शिकायची आहे – पुण्यात वर्ग सुचवा

सोनटक्का
नमस्कार मंडळी. वय ५३, राहायला सिंहगड रस्त्याला. शाळेत असताना एलिमेंटरीला बी ग्रेड मिळाली होती, इंटरमिजिएटला बसायचं राहून गेलं. त्यानंतर हातात ब्रश आला तो थेट मागच्या वर्षी.

घराजवळच्या एका वर्गात चार महिने गेले. सर फोटो द्यायचे, त्यावर चौकटी आखून कॅनव्हासवर उतरवायचा आणि अ‍ॅक्रिलिकने रंगवायचा. जिथे अडेल तिथे सर "द्या इकडे" म्हणून ब्रश घ्यायचे आणि दहा मिनिटांत झाड, पाणी, ढग सगळं उभं करायचे. चार महिन्यांत चार चित्रं झाली, चारही फ्रेम करून हॉलमध्ये लागली. नणंदबाईंनी तर एक मागूनही नेलं. मग दिवाळीत भाची आली, टेबलावरचा चहाचा कप पुढे सरकवून म्हणाली, "मावशी, हा काढून दाखव ना." अर्धा तास खोडरबर झिजवला. कप असा आला की त्यात चहा ओतला असता तर सांडलाच असता. तेव्हापासून हॉलमधल्या चित्रांकडे बघवत नाही.

तर असा वर्ग सुचवा जिथे मोठ्या माणसांना खरंच शिकवतात. आठवड्यातून एक दिवस, जलरंग आवडतात, महिना दीड-दोन हजारांपर्यंत चालेल. ऑनलाइन नको, घरात बसून माझ्याच्याने होत नाही.

कडूकारलं
यूट्यूबवर सगळं फुकट आहे. दीड हजाराचे चांगले रंग येतील.

रेघोट्या
कारलेबुवा, त्यांनी ऑनलाइन नको असं स्पष्ट लिहिलंय, वाचत जा :)
सोनटक्काताई, "द्या इकडे" वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. माझ्या लेकीच्या वर्गात हेच चालायचं.

खडूफळा
मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त. वर्गाचं नाव सांगण्यापेक्षा वर्ग कसा पारखायचा ते सांगतो, कारण एकाच वर्गात दोन बॅचना दोन वेगळे शिक्षक असतात.

पैसे भरण्याआधी एक तास नुसतं बसू द्याल का, असं विचारा. नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा. बसू दिलं तर भिंतीकडे बघा. सगळ्या विद्यार्थ्यांची चित्रं एकाच हातची वाटतात का? मग मध्ये टेबलावर काही मांडलंय का ते बघा. तांब्या, कांदा, घडी मोडलेलं कापड, काहीही. खरी वस्तू नसेल आणि प्रत्येकासमोर फक्त मोबाईलवरचा फोटो असेल, तर तिथे चित्रं तयार होतात, चित्रकार होत नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे शिक्षकाचा हात. चूक दाखवायची तर समासात किंवा स्वतःच्या कागदावर काढून दाखवावी. विद्यार्थ्याच्या चित्रावर हात फिरवणं मी नोकरीत पहिली पाच-सहा वर्षं केलं, मग लाज वाटून सोडलं.

आणखी एक. पुष्कळ वर्ग मूळचे एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे असतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पोरं येतात. परीक्षा वाईट नाही हो, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हा पाया उत्तमच आहे. पण परीक्षा जवळ आली की सरांचं सगळं लक्ष पोरांकडे जातं आणि मोठी माणसं कोपऱ्यात आपापलं रंगवत बसतात. मोठ्यांची बॅच वेगळी आहे ना, हे विचारून घ्या.

आता तुमचा कप. तुम्ही बहुतेक तोंड छान गोल काढलंत आणि बूड सरळ रेघेनं. बरोबर? बूड टेबलावर सपाट टेकलंय हे डोक्याला ठाऊक असतं, म्हणून हात सरळ रेघ मारतो. डोळ्याला तसं दिसत नाही. कप डोळ्याच्या पातळीच्या जितका खाली, तितकं त्याचं वर्तुळ जास्त उघडं दिसतं. बूड तोंडापेक्षा खाली असतं, म्हणून बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलाई घेते. काचेचा ग्लास घ्या, अर्धा पाणी भरा. तोंड, पाण्याची पातळी आणि बूड अशी तीन लंबवर्तुळं एकदम दिसतील. ग्लास हळूहळू वर उचला, डोळ्यासमोर आला की तोंडाची नुसती रेघ होते. आठ दिवस एवढंच करा.

सोनटक्का
अगदी बरोबर! बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ आहे. सर, तुम्ही वर्ग घेता का?

खडूफळा
नाही हो, मी सांगलीला असतो. आणि गुडघे ऐकत नाहीत.

टेकडीवाला
पैसे न देता शिकायचं असेल तर अर्बन स्केचर्सचा पुण्यातला गट आहे. सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये सुरू केलेली ही चळवळ आता जगभर पसरली आहे, मुंबईतही गट आहे. नियम एवढाच की जागेवर बसून, समोर दिसतं ते काढायचं. फोटोवरून नाही. शेवटी सगळे आपापल्या वह्या जमिनीवर मांडतात आणि बघतात. पहिल्यांदा वही मांडताना माझे हात थंड पडले होते. शेजारी एका आर्किटेक्टची वही होती. पण कुणी हसत नाही.

आम्ही मंडईत बसलो होतो तेव्हाची गंमत. महात्मा फुले मंडईची इमारत १८८६ची, मधला भाग अष्टकोनी. आठ बाजूंचा पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवणं) जमवता जमवता मी घामाघूम. शेवटी इमारत सोडली आणि समोरच्या भाजीवाल्या मावशी काढल्या. त्या उठून आल्या, वही बघितली, म्हणाल्या, "पाट्या बरोबर हायती, नाक माझं न्हाई."

पण खरं सांगतो, तिथे शिकवायला कुणी नसतं. आधी तीन-चार महिने वर्ग करा, मग या.

कडूकारलं
मंडईतल्या मावशींचा सल्ला फुकट मिळाला, तोही फीमध्ये नाही :)
पण फोटोला एवढी नावं का ठेवताय? जुन्या काळी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतसुद्धा (१८५७ची संस्था) प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून नक्कल करूनच शिकायचे ना?

खडूफळा
मुद्दा रास्त आहे, पण पुतळा पुढे उभा असतो. त्यावर उजेड कुठून पडला, सावली कुठे वळली, हे तुम्हाला स्वतः ठरवावं लागतं. फोटोत ते काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. चौकटी आखल्या की मापं घ्यायचंही उरत नाही. पेन्सिल धरून हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा, रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं, ही सवय लागली की मग फोटोवरून खुशाल काढा.

थेम्सकाठी
मी लंडनमध्ये सिटी लिटला जाते, १९१९ पासून चालू असलेलं प्रौढांसाठीचं कॉलेज आहे. आमच्या वर्गात पहिले काही आठवडे रंग नाहीच, फक्त कोळसा. सगळा कागद काळा करायचा आणि खोडरबराने उजेड "पुसून काढायचा". मला आधी वाटलं पैसे वाया गेले. पण उजेड-सावली तिथेच डोक्यात बसली. हे घरी करून बघण्यासारखं आहे, फक्त जुनी साडी अंथरा खाली. आमच्याकडे प्रत्यक्ष मॉडेल बसवून काढतात, ते सुरुवातीला फार अवघड गेलं (कारण चित्रकलेचं नव्हतं, संकोचाचं होतं).

रंगपेटी
सामानाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ४८ रंगांची पेटी घेऊ नका, सगळ्यांची हीच पहिली चूक. २बी, ४बी, ६बी पेन्सिली, आठ नंबरचा एक गोल ब्रश आणि कॅमलच्या सहा-सात ट्यूबा पुरतात. खर्च करायचा तो कागदावर. साध्या ड्रॉइंग पेपरवर दुसरा हात फिरवला की कागद लाटांसारखा फुगतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद घ्या, मोठा ताव आणून चार तुकडे करा, पाठपोट वापरा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला कागद मला फार आवडतो, पण आधी एकच ताव आणून तपासा. काही प्रकार टिपकागदासारखे रंग पितात.

आणि जलरंगात पांढरा रंग विसरा. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. चित्रकार हळदणकरांची हातात दिवा धरलेली स्त्री पुष्कळांना तैलरंगातली वाटते, पण ते जलरंग आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तेवढं लांब जमणार नसेल तर साताऱ्याजवळ औंधला भवानी संग्रहालय बघून या, एका दिवसात होतं. मूळ चित्र जवळून बघितलं की ब्रश कुठे थांबला ते दिसतं, छापील चित्रात ते कळत नाही.

रेघोट्या
वाचनखूण साठवली. औंधची सहल काढूया का सगळे?

सोनटक्का
तीन आठवड्यांनी अपडेट देते. खडूफळा सरांची कसोटी लावून तीन ठिकाणी गेले. एका ठिकाणी बसू दिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी अकरा जणांचे अकरा सारखेच गणपती. तिसरा वर्ग ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत भरतो, शनिवारी सकाळी, महिना १२००, कागद आपला. शिकवणारी मुलगी जी.डी. आर्ट (कलेची सरकारी पदविका) झालेली, माझ्या भाचीएवढी. मला "काकू" म्हणते आणि चुका मात्र बिनदिक्कत दाखवते. पण स्वतःच्या वहीत काढून! माझ्या कागदाला अजून हात लावलेला नाही.

पहिल्या दिवशी तांब्या आणि दोन वांगी मांडली होती. माझं वांगं बटाट्यासारखं आलं. शेजारचे ७६ वर्षांचे आजोबा म्हणाले, "देठ काढा, म्हणजे ओळखू येईल." घरी सराव करायला मुद्दाम चकाकीची चार वांगी आणली, ओट्यावर दिव्याखाली मांडली, सावली आखली, अर्धं चित्र झालं आणि फोन आला. परत येते तो सासूबाईंनी चारही चिरून ठेवलेली, दाण्याचं कूट कालवणं चालू.

कडूकारलं
भरली वांगी असतील तर चित्रापेक्षा तीच बरी. पण कपाचं काय झालं ते सांगा. फोटो टाका.

सोनटक्का
बूड गोल झालंय. कान अजून जागेवर बसत नाहीये. फोटो कान बसला की.